श्रवणबेळगोळच्या वाटेवर: बेलूर, हळेबीडू आणि शांतलादेवी



श्रवणबेळगोळची यात्रा ठरली की एक प्रश्न हमखास निघतो. वाटेत बेलूर आणि हळेबीडू करायचं का? गाडीवाला म्हणतो, हासनला मुक्काम आहेच, अर्ध्या दिवसात दोन्ही उरकतील. मुली लगेच हो म्हणतात. आणि मागच्या सीटवरून एखाद्या आक्का विचारतात, "आपण बाहुबलींच्या दर्शनाला निघालोय, दुसऱ्यांची देवळं कशाला?"

आक्कांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. यात्रेला निघालेलं मन एका जागी राहावं, एवढंच त्यांना म्हणायचं असतं. तरीही मी सांगेन की जरूर जा, आणि अर्धा नाही, पूर्ण दिवस द्या. ही विष्णूची आणि शिवाची देवळं ज्या राजघराण्याने उभी केली, त्या घरात एक जैन राणी होती. तिच्याबद्दल आपल्याला कुणी फारसं सांगितलेलं नसतं. पण तिची हकीकत त्या दगडांवर कोरलेली आहे, आणि ती आपल्यातल्या पुष्कळ घरांना आज लागू पडते.

आमच्या घराला तर फारच लागू पडली. लेकीचं लग्न ठरलं आहे. मुलगा चांगला, घर चांगलं, माणसं शाकाहारी आणि निर्व्यसनी. पण घर जैन नाही, वारकरी आहे. तिच्या होणाऱ्या सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, एकादशी कधी चुकत नाही, आषाढात पंढरीची वाट धरतात. त्यांच्या भक्तीविषयी मला आदरच आहे. पण आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं होतात, जमिनीखालचं काही शिजत नाही, चातुर्मासात पालेभाजी बंद असते. लेकीचं तिथे कसं होणार, हा घोर मला होता. आणि माझ्या सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त होता. त्या विरोधात काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "कार्याच्या आधी पोरीला बाहुबलींच्या पायाशी नेऊन आणूया." म्हणून आम्ही चौघं निघालो. सासूबाई, आमचे हे, लेक आणि मी.

सासूबाईंचा रोजचा स्वाध्याय आहे. रत्नकरंड श्रावकाचार त्यांनी किती वेळा वाचलाय याची मोजदाद नाही. बेलूरचा विषय निघाल्यावर त्यांनी आपलं सांगून टाकलं, "मी बघायला येईन. हात जोडणार नाही. देवमूढता म्हणजे काय हे मला माहीत आहे." मला हे आवडलं. बघणं वेगळं आणि भजणं वेगळं. डोळे उघडे ठेवून बघायला आपल्या धर्माने कुठे मनाई केली आहे?

बेलूर: आधी एक फेरी बाहेरून

बेलूर हासनपासून चाळीसेक किलोमीटर. गावाच्या मधोमध उंच गोपुर दिसतं. ते नंतरच्या, विजयनगरच्या काळातलं. त्याच्या आत गेलं की मोठं फरसबंद पटांगण आणि मध्ये चेन्नकेशवाचं मंदिर. होयसळ राजा विष्णुवर्धनाने ते १११७ साली उभारलं. पहिल्या नजरेला ते बुटकं वाटतं. कारण शिखर नाही. पूर्वी होतं, पण ते मोडकळीला आल्यावर एकोणिसाव्या शतकात उतरवलं. त्यामुळे नजर वर न जाता सरळ भिंतीवर जाते, आणि तिथेच अडकते.

आत जायची घाई करू नका. होयसळांची देवळं आधी बाहेरून बघायची असतात. देऊळ एका उंच जोत्यावर बसवलेलं असतं. जोतं चौकोनी नसून देवळाच्याच कोनाकोनांच्या, चांदणीसारख्या आकाराचं असतं, आणि भोवती दोन-तीन माणसं सहज चालतील एवढा रुंद काठ सोडलेला असतो. गाभाऱ्याभोवती आतून प्रदक्षिणेची वाट नाही, तेव्हा प्रदक्षिणा याच जोत्यावरून घालायची. भिंत सरळ नसल्यामुळे प्रत्येक कोनावर ऊन वेगळं पडतं. सकाळी जी मूर्ती सावलीत असते ती दुपारी उजळते.

दगड कसला म्हणाल, तर आपल्या सह्याद्रीतला काळा कातळ नव्हे. हा मऊ, हिरवट-करडा दगड आहे. खाणीतून काढल्यावर नरम असतो आणि हवा लागली की हळूहळू कठीण होत जातो. म्हणूनच त्यावर चंदनाच्या लाकडावर करावं तसं नाजूक काम करता आलं. मूर्तीच्या गळ्यातला हार दगडापासून सुटा आहे, त्याच्या मागून काडी घालता येईल. पैंजणाचा एकेक मणी मोजून घ्या.

वर, छपराच्या पुढे आलेल्या पागोळीखाली, तिरप्या बसवलेल्या बायका आहेत. त्यांना मदनिका म्हणतात. बाहेरून अडतीस, आत चार. एक आरशात बघते आहे, एकीच्या हातावर पोपट आहे, एकीचं वस्त्र माकड ओढतंय आणि ती त्याला हुसकावते आहे, एक केस पिळते आहे, कुणी नाचते आहे, कुणी वाजवते आहे. गाइड दर वेळी आरसेवालीपाशी थांबतो आणि सांगतो, ही राणी शांतला. तसा काही पुरावा नाही. पण माझ्या मनाला भावलं ते दुसरंच. यांतल्या काही मूर्तींच्या बैठकीवर कारागिराचं नाव कोरलेलं आहे. बळ्ळिगावीचा दासोज आणि त्याचा मुलगा चावण. नऊशे वर्षांपूर्वी बाप-लेक एकाच कामावर होते, आणि दोघांनी आपापल्या मूर्तीवर आपापलं नाव घातलं. आपल्याकडे बहुतेक देवळांत बांधणाऱ्या राजाचं नाव उरतं, घडवणाऱ्याचं नाही. इथे दोन्ही उरली आहेत.

दारापाशी एक तरुण वाघासारख्या जनावराशी झुंजताना दाखवला आहे. ही होयसळांची राजमुद्रा. गोष्ट अशी की सळ नावाचा मुलगा सुदत्त नावाच्या जैन मुनींपाशी शिकत होता. वाघ चालून आला तेव्हा मुनी ओरडले, "होय् सळ!" जुन्या कानडीत होय् म्हणजे मार. त्यावरून घराण्याचं नाव होयसळ पडलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मुनिमहाराज मार म्हणतील होय? गोष्ट रचणाऱ्याला अहिंसा महाव्रत ठाऊक नव्हतं." गाइडला मराठी कळत नव्हतं, पण आम्ही सगळे का हसलो हे त्याला बहुधा समजलं. गोष्ट खरी असो की रचलेली, विष्णूच्या दाराशी जी राजमुद्रा उभी आहे तिच्या मुळाशी लोकांनी एक दिगंबर मुनी ठेवला आहे, एवढं खरं.

खांब आणि लेथ

आतला मंडप अंधारा आहे. भिंतींच्या जागी नंतर दगडी जाळ्या बसवल्या, त्यांतून उजेड गाळून येतो. डोळे अंधाराला सरावले की खांब दिसायला लागतात, आणि एकासारखा दुसरा नाही. आमचे हे देवळांत फारसे रमत नाहीत. पण त्यांचं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. एका गोल खांबावरून त्यांनी बोट फिरवलं आणि तिथेच थांबले. "हे लेथचं काम आहे," म्हणाले. खरंच तसं आहे. हे गोल खांब दगड फिरवून, त्यावर हत्यार धरून कातलेले आहेत. घंटेसारखा फुगवटा, मग बारीक कडा, मग खाच, पुन्हा कड. वीज नाही, मोटर नाही, आणि एवढा वजनी दगड मध्य न चुकता फिरवायचा. ते पंधरा मिनिटं त्या खांबापाशीच होते. नरसिंह खांब म्हणून एक आहे, त्याच्यावर वरपासून खालपर्यंत चिमुकल्या मूर्ती आहेत. तो पूर्वी जागच्या जागी फिरवता येत असे, असं सांगतात.

गाभाऱ्यात पूजा चालू होती. बेलूर हे चालतं देऊळ आहे, केवळ पाहण्याची जागा नाही. तिथे रोजची पूजा-आरती होते. आम्ही बाजूला उभे राहिलो. लेकीने हात जोडले. सासूबाईंनी जोडले नाहीत, पण आरती संपेपर्यंत त्या हललाही नाहीत आणि बोलल्याही नाहीत. दोघींनी एकमेकींना काही म्हटलं नाही, मलाही मध्ये काही बोलावंसं वाटलं नाही.

राणीचं देऊळ

मुख्य मंदिराच्या शेजारीच त्याच घाटाचं एक लहान देऊळ आहे, कप्पे चेन्निगराय. कप्पे म्हणजे बेडूक. मूर्तीच्या दगडात बेडूक निघाल्याची शिल्पी बाप-लेकाची एक गोष्ट गाइड रंगवून सांगतात. ती ऐका, पण त्याला दुसराही प्रश्न विचारा. हे देऊळ कुणी बांधलं? उत्तर आहे, पट्टराणी शांतलादेवी. नवऱ्याने विष्णूचं मोठं देऊळ बांधलं, त्याच सुमाराला तिने शेजारी हे लहान बांधलं.

आता शांतला कोण होती ते ऐका. तिची आई माचिकब्बे जैन. वडील मारसिंगय्य शिवभक्त. म्हणजे ज्या घरात ती वाढली तिथेच दोन धर्म होते. नवरा बिट्टिदेव. परंपरा सांगते की रामानुजाचार्यांच्या प्रभावाने तो वैष्णव झाला आणि विष्णुवर्धन म्हणवू लागला. शांतला मात्र जैनच राहिली. तिचे गुरू प्रभाचंद्र सिद्धांतदेव. ११२३ साली तिने श्रवणबेळगोळला चंद्रगिरीवर शांतिनाथांची बस्ती बांधली. तिचं नाव सवतिगंधवारण बस्ती. सवती हा शब्द आपल्या मराठीतलाच! सवतींपुढे मदमस्त हत्तीसारखी, असं ते राणीचं बिरुद होतं. राजवाड्यात सवती होत्या आणि त्यांच्यात राहायला हत्तीचं बळ लागत होतं, हे त्या एका शब्दातून कळतं.

शिलालेखांत तिची आणखीही बिरुदं आहेत. नृत्य-संगीतातल्या निपुणतेची आहेत, ती गाइड सांगतात. एक ते सांगत नाहीत, म्हणून मी सांगते. सम्यक्त्वचूडामणी. सम्यग्दर्शनाचा मुकुटमणी.

हे ऐकून सासूबाई जोत्याच्या पायरीवर बसल्या. "विष्णूचं देऊळ बांधलं, आणि तरी सम्यक्त्वचूडामणी?" मी म्हटलं, "हो आई." त्या बराच वेळ त्या लहान देवळाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तिच्या गुरूंना तिच्या श्रद्धेबद्दल शंका नव्हती." मी त्यावर काही बोलले नाही. स्वाध्यायाची पन्नास वर्षं त्यांची आहेत, माझी नाहीत.

हळेबीडू: भिंत वाचायची कशी

बेलूरहून हळेबीडू सोळा-सतरा किलोमीटर. हे होयसळांची राजधानी द्वारसमुद्र. १३११ साली मलिक काफूरची स्वारी आली, पुढेही हल्ले झाले, राजधानी उजाड झाली आणि हळेबीडू, म्हणजे जुनं ठाणं, एवढंच नाव उरलं. मोठा तलाव आहे, त्याच्या काठाशी होयसळेश्वर मंदिर.

हे शिवमंदिर ११२१ च्या सुमाराला सुरू झालं. काम पिढ्यान् पिढ्या चाललं आणि तरी पुरं झालं नाही. शिखर इथेही नाही. पण एकाच जोत्यावर जोडून उभे असलेले दोन गाभारे आहेत, दोन मोठे नंदीमंडप आहेत. एक गाभारा राजाच्या नावाचा, होयसळेश्वर. दुसरा राणीच्या नावाचा, शांतलेश्वर. जैन राणीच्या नावाने शिवलिंग! तिच्या वडिलांचा देव शिव होता, हे आठवलं की ते नाव वाचताना वेगळंच वाटतं.

इथली बाहेरची भिंत म्हणजे एक ग्रंथ आहे, आणि तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली हत्तींची रांग, कारण भार पेलायचा तो हत्तीने. त्यावर सिंह. मग वेलबुट्टी. त्यावर घोडेस्वार. पुन्हा वेलबुट्टी. त्यावर, बरोबर डोळ्यांच्या पातळीला, रामायण, महाभारत आणि भागवतातल्या कथांचा पट्टा. त्यावर मकर आणि सगळ्यात वर हंस. असे आठ पट्टे सगळ्या देवळाला करगोट्यासारखे वेढून जातात. हत्तींच्या रांगेत तुम्ही जिथे बोट ठेवाल तिथला हत्ती शेजारच्या हत्तीपेक्षा वेगळा निघतो. कुणाची सोंड वळलेली, कुणाचा पाय उचललेला.

कथांचा पट्टा ज्या उंचीवर आहे ते मला फार शहाणपणाचं वाटलं. पोथी वाचता न येणारी बाई प्रदक्षिणा घालता घालता मुलाला बोटाने दाखवू शकेल, हा अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला, हे भीष्म बाणांवर पडले. आपल्याही घरांत मुलांना राम, लक्ष्मण, कृष्ण यांच्या कथा पद्मपुराण आणि हरिवंशपुराणातून येतातच. कथा पुष्कळदा वेगळ्या आहेत, माणसं ओळखीची आहेत. लेकीने भिंतीवरचे राम-रावण आज्जीला दाखवले, तर आज्जीने तिला आपल्याकडे रावणाला लक्ष्मण मारतो, राम नाही, हे तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. रामांचा तो शेवटचा भव, ते मोक्षगामी, त्यांच्या हातून वध कसा होईल! एक इंग्रजी बोलणारं जोडपं कुतूहलाने थांबलं, तेव्हा लेकीने त्यांना ते समजावूनही सांगितलं.

पट्ट्यांच्या वर मोठ्या मूर्तींची ओळ आहे. कैलास हलवणारा रावण बघा. पर्वतात झाडं आहेत, प्राणी आहेत, वर शिव-पार्वती आहेत, आणि खाली त्या सगळ्याच्या भाराने ताणलेले रावणाचे हात. गोवर्धन उचललेला कृष्ण बघा, नाचणारा गणपती बघा. घाई केलीत तर सगळं सारखंच दिसतं. म्हणून माझी युक्ती सांगते. प्रत्येकीने एकच मूर्ती निवडायची, तिच्यापुढे पाच मिनिटं थांबायचं आणि मग एकमेकींना काय दिसलं ते सांगायचं.

सगळे परततात तिथून पुढे चला

बहुतेक बस होयसळेश्वर बघून परत फिरतात. तुम्ही फिरू नका. तिथून थोड्याच अंतरावर, त्याच गावात, एका आवारात तीन जैन बस्त्या आहेत. पार्श्वनाथ, आदिनाथ आणि शांतिनाथ. समोर मानस्तंभ आहे. आम्ही गेलो तेव्हा आवारात एक राखणदार, दोन शाळकरी मुलं आणि आम्ही.

होयसळेश्वरानंतर बस्तीची बाहेरची भिंत बघितली की आधी ओकंबोकं वाटतं. हत्ती नाहीत, हंस नाहीत, कथा नाहीत. काळ तोच, राज्य तेच, दगड तोच, पण भिंत जवळजवळ कोरी. मग आत गेलं की कळतं. सगळी कारागिरी आत आहे. पार्श्वनाथ बस्तीतले खांब तसेच कातलेले आहेत, आणि त्यांना अशी झिलई दिली आहे की आपला चेहरा दिसतो. नऊशे वर्षांनी दिसतो! ह्यांनी पुन्हा बोट फिरवलं आणि म्हणाले, "तीच बेलूरची जात." वर छताचं कोरीवकाम आहे, आणि समोर सप्तफणांखाली काळ्या पाषाणातले पार्श्वनाथ, खड्गासनात, इतके उंच की मान वर करूनच दर्शन घ्यावं लागतं. बाहेर भिंतभर गोष्टी बघून आल्यावर इथे बघायला एकच रूप आहे, आणि ते स्तब्ध उभं आहे. सासूबाईंनी णमोकार म्हटला. आवाज त्या खांबांमधून फिरून परत आला.

ही बस्ती ११३३ साली बोप्पाने आपल्या वडिलांच्या, गंगराजाच्या, स्मरणार्थ बांधली. गंगराज म्हणजे विष्णुवर्धनाचा सेनापती. वैष्णव राजाचा सेनापती निष्ठावान जैन! आणि हे नाव तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचाल. विंध्यगिरीवर बाहुबलींच्या पायाशी मराठीतल्या अगदी जुन्या शिलालेखांपैकी एक आहे. त्यात मूर्ती चावुंडरायाने करवली आणि भोवतीचा प्राकार गंगराजाने करवला, असं दोन ओळींत लिहिलं आहे. आपल्या मायबोलीत.

बस्तीच्या शिलालेखात एक प्रसंग आहे, तो प्रत्येकीने घरी सांगावा असा आहे. पार्श्वनाथांची प्रतिष्ठा झाली आणि पुजारी गंधोदक आणि शेषा घेऊन राजाकडे बंकापूरला गेले. त्याच सुमाराला राजाला युद्धात विजय मिळाला होता आणि राणी लक्ष्मीदेवीला मुलगा झाला होता. पुजाऱ्यांना पाहून विष्णुवर्धन उठून सामोरा गेला, हात जोडले, गंधोदक घेतलं. आणि म्हणाला की या प्रतिष्ठेच्या पुण्याने मला विजय आणि पुत्र दोन्ही लाभले. म्हणून देवाला विजय पार्श्वनाथ नाव दिलं आणि मुलाला विजय नरसिंह. बेलूरला ज्याने विष्णूचं एवढं देऊळ बांधलं, त्याच राजाने पार्श्वनाथांचं गंधोदक मस्तकी घेतलं.

शांतला ते पाहायला नव्हती. ११३१ साली शिवगंगे इथे तिने देह ठेवला, सल्लेखनेने असं मानतात. लेकीमागे आई माचिकब्बेनेही श्रवणबेळगोळला सल्लेखना घेतली. चंद्रगिरीवरच्या शिलालेखात दोघींची हकीकत आहे.

लेकीशी झालेलं बोलणं

परतताना गाडीत मी लेकीला म्हटलं, "बघ, शांतला वैष्णवाच्या घरी राहिली आणि जैनच राहिली." मला वाटलं तिला धीर येईल. ती म्हणाली, "आई, ती राणी होती. तिने स्वतःची बस्ती बांधून घेतली. मला स्वयंपाकघरात एक फळी मिळाली तरी पुष्कळ."

बरोबर होतं तिचं. मी गप्प झाले. उत्तर सासूबाईंनी दिलं. "फळी मिळणार नाही, मागावी लागते. लग्नाच्या आधी मागायची. बोलून, हसून, पण स्पष्ट. आणि त्यांच्या तुळशीला पाणी घालायची वेळ आली तर प्रेमाने घालायचं. झाडच आहे ते, त्यालाही जीव आहे."

गावी आल्यावर आम्ही दोन्ही घरच्या बायका एकत्र बसलो. लेक स्वतः बोलली. देवघरात भगवंतांच्या छोट्या प्रतिमेला वेगळी जागा, सूर्यास्ताआधी जेवायची मोकळीक, पर्युषणात माहेरी यायचं किंवा तिथे दहा दिवस वेगळा स्वयंपाक, पाणी गाळून घ्यायचं. आणि एकादशीला व वारीच्या दिवसांत घरच्यांच्या बरोबर सगळ्या कामाला हात. कांदा-लसणाचं काही पूर्ण सुटलेलं नाही. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "तुझी भाजी आधी काढून मग फोडणी घालू, बघू कसं जमतंय." बघू कसं जमतंय, यावरच सध्या थांबलं आहे. माझ्या सासूबाईंचा घोर पुरता गेलाय असं मी म्हणणार नाही. पण निरोप घेताना त्यांनी विहीणबाईंना हळेबीडूच्या त्या दोन गाभाऱ्यांविषयी सांगितलं. राजाचा वेगळा, राणीचा वेगळा, जोतं एक.

जाणाऱ्यांसाठी थोडं

बेलूर, हळेबीडू आणि सोमनाथपूर ही तिन्ही ठिकाणं २०२३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत, त्यामुळे गर्दी असते. सकाळी लवकर बेलूर, दुपारनंतर हळेबीडू, आणि सूर्यास्ताआधी बस्त्या असा क्रम ठेवा. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी दगड चांगलाच तापतो, तेव्हा जाड मोजे पिशवीत असू द्या. आतली छतं बघायला छोटा टॉर्च घ्या. गाइड जरूर करा, पण त्याला शांतलेबद्दल विचारा. नृत्यापलीकडचं.

जेवणासाठी आम्ही दशम्या, शेंगाचटणी, मेतकूट आणि बेसनाचे लाडू नेले होते. हासनच्या हॉटेलांत सांबारात कांदा असतोच. आधी सांगितलं तर इडली नुसत्या खोबऱ्याच्या चटणीबरोबर देतात, पण त्या चटणीत लसूण नाही ना, हे विचारून घ्या. पाण्याचं गाळणं विसरू नका. दिवस मावळायच्या आत जेवण उरकून श्रवणबेळगोळची वाट धरली, तर पन्नासेक किलोमीटरवर मठाच्या धर्मशाळेत मुक्कामाला पोहोचता. सकाळी विंध्यगिरी चढाल, तेव्हा खाली वाकून गंगराजाचं नाव तेवढं वाचा.

जय जिनेंद्र.